गल्लीत उभी राहणारी गाडी

गाडी शिकवणाऱ्याला सगळ्यांवरच संशय घ्यावा लागतो. समोरचा सायकलवाला न बघता वळणार, कडेने चाललेलं पोर चेंडूमागे मधेच धावणार आणि शेजारी स्टिअरिंग धरून बसलेला चांगला शिकलासवरलेला माणूस ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबणार, असं धरूनच चालायचं. मास्तरांनी उभा जन्म तेच केलं. त्यांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच होता, काचेवर दुसरा आरसा होता, आणि त्या आरशातून त्यांची नजर रस्त्यावर कमी आणि शिकणाऱ्याच्या डोळ्यांवर जास्त असायची. माणूस चुकायच्या आधी त्याचे डोळे चुकतात, असं ते म्हणत. शहरातली निम्मी माणसं त्यांच्याकडे गाडी शिकली होती, म्हणून रस्त्याने जाताना सगळे त्यांना मास्तरच म्हणत.

घरात लेक, जावई आणि नुकती बोलायला लागलेली नात. बायको जाऊन काही वर्षं झाली होती. शिकवणीचे फोन लेकच घ्यायची, वेळा तीच ठरवायची आणि बापाला दटावायचीही तीच.

मग मास्तरांना ताप यायला लागला. जायचा, परत यायचा. तोंडात फोड, अंगावरचे कपडे ढगळ. त्यांनी लेकीला ताकास तूर लागू दिली नाही. शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या मोठ्या दवाखान्यात एकटेच गेले. रक्त तपासलं, तेव्हा एचआयव्ही निघाला.

गोळ्या सुरू झाल्या आणि अंगाला लागल्याही. वजन भरलं, ताप पळाला. पुढच्या तपासणीनंतर डॉक्टर म्हणाले, "रक्तात विषाणू आता सापडतसुद्धा नाही. रोजची गोळी चुकवू नका. तुमच्यापासून कोणाला काही होणार नाही आणि तुम्हालाही पूर्ण आयुष्य आहे."

मास्तरांनी मान डोलावली. बाहेर येताना मनात म्हणाले, डॉक्टरांचं कामच आहे धीर द्यायचं. चढावर गाडी बंद पाडणाऱ्याला मीपण म्हणतोच की, छान चालवताय.

त्यांनी आपला टॉवेल वेगळा केला, कप वेगळा केला. "वय झालं, आता मला माझं माझं लागतं," असं लेकीला सांगून टाकलं. गोळ्या ताकदीच्या गोळ्यांच्या बाटलीत ओतून ठेवल्या. नात "आबा, आबा" करत पायाला बिलगली की ते हळूच पाय सोडवून घेत आणि काहीतरी शोधायला म्हणून दुसऱ्या खोलीत जात.

शरीर सावरलं, पण डोकं काही जागेवर येईना. दुकानदाराने सुटे पैसे हातात न देता फळीवर ठेवले, की मास्तरांच्या मनात पाल चुकचुकायची. शेजारची दोन माणसं बोलता बोलता थांबली, की आपल्याबद्दलच चाललं होतं, असं यांना वाटायचं. एकदा चढावर एक बँकेतल्या बाई शिकत होत्या. हाफ क्लचवर गाडी बरी धरली होती त्यांनी. सहज बोलल्या, "मास्तर, आता बरी आहे ना तब्येत?"

आता? आता म्हणजे काय? आधी बरी नव्हती, हे हिला कोणी सांगितलं?

मास्तरांच्या छातीत धडधडायला लागलं, हातापायाला घाम फुटला, श्वास पुरेना. पाय आपोआप ब्रेकवर गेला आणि भर चढावर, भर रहदारीत गाडी जागच्या जागी थांबली. मागचा टेम्पो हातभर अंतरावर करकचून थांबला. टेम्पोवाल्याने त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. बँकेतल्या बाई रडायच्या बेतात आल्या. "माझं काय चुकलं?" म्हणून विचारत राहिल्या. 

त्यानंतर झोप उडाली. दवाखान्यात डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं तेव्हा मास्तरांनी टेम्पोचं सांगितलं. डॉक्टरांनी त्यांना त्याच मजल्यावरच्या समुपदेशक मॅडमकडे पाठवलं.

मॅडम वयाने त्यांच्या लेकीएवढ्या. खोलीत तीन खुर्च्या, एक पंखा आणि खिडकीला जाड पडदा. मास्तर बसले नाहीत. आधी पडद्यामागे डोकावले, मग दाराला कडी आहे का ते पाहिलं.

"भिंती पातळ आहेत तुमच्या," ते म्हणाले.

"आहेत. म्हणून तर पंखा मोठ्या आवाजाचा ठेवलाय," मॅडम म्हणाल्या. "बसा."

पहिल्या भेटीत प्रश्न मास्तरांनीच विचारले. तुम्ही राहता कुठे, नवरा काय करतो, घरी जाऊन पेशंटबद्दल बोलता का, आमच्या भागात कोणी नातेवाईक आहे का. मॅडमनी सांगण्यासारखं होतं ते सांगितलं, नव्हतं तिथे नाही म्हणाल्या. दुसऱ्या, तिसऱ्या भेटीत मास्तर थोडे सैल झाले. छातीत धडधडायला लागलं की श्वास कसा सोडायचा, ते मॅडमनी शिकवलं. त्याचा उपयोग झाला आणि उपयोग झाला म्हणून मास्तरांना आणखीच शंका आली. हिला एवढं नेमकं कसं कळतं?

मग एक दिवस मॅडम म्हणाल्या, "दर गुरुवारी संध्याकाळी काही जण जमतात. सगळे हीच गोळी घेणारे. आमचं कोणी नसतं तिथे. त्यांचं ते चालवतात. तुम्ही जाऊन बसा एकदा."

"कोण कोण येतं?"

"ते नाही सांगणार."

"का?"

"त्यांची नावं तुम्हाला सांगितली, तर तुमचं नाव त्यांना सांगितलं नसेल कशावरून, हाच प्रश्न घेऊन तुम्ही पुढच्या वेळी याल."

मास्तरांना हे पटलं, पण ते पटणंही त्यांना आवडलं नाही. पत्ता मात्र त्यांनी पाठ करून घेतला.

गादीवाल्याच्या दुकानावरची खोली होती ती. बाजूने लोखंडी जिना, अरुंद गल्ली, समोर बंद पडलेला छापखाना. मास्तर गुरुवारी गेले, पण वर गेले नाहीत. छापखान्याच्या कडेला गाडी लावली आणि सीटमध्ये खाली सरकून बसले. आधी बघू तर कोण जातंय. आपल्या ओळखीचं कोणी दिसलं तर इथूनच परत फिरू.

जिन्यावरून माणसं चढत होती. एक काठीवाली म्हातारी, पिशव्या घेतलेली एक बाई, ऑफिसातून थेट आलेला एक टाय लावलेला माणूस. कोणी ओळखीचं नव्हतं. तरी मास्तर उतरले नाहीत. कोणाच्या चालण्यात आजार दिसतो का ते बघत बसले. दिसला नाही, याचंही त्यांना वाईट वाटलं.

पुढच्या गुरुवारी परत गेले. त्याच्या पुढच्याही. गाडीच्या टपावरची पाटी ते आठवणीने काढून डिकीत ठेवत आणि आपण अदृश्य झालो असं समजत. मागच्या काचेवर ड्रायव्हिंग शाळेचा फोन नंबर हाताएवढ्या आकड्यांत रंगवलेला आहे, दोन्ही बंपरवर शिकाऊ गाडीचं लाल अक्षर आहे, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. रोज बघून बघून स्वतःच्या गाडीवरचं कोण वाचतो?

अशात एका सकाळी लेकीने पोळी वाढता वाढता विचारलं, "बाबा, गुरुवारी संध्याकाळी शिकवणी असते का तुम्हाला?"

"असते."

"कोणाची? वेळा तर मी लावते."

"आहेत एक. परस्पर ठरवलं."

"एक म्हणजे बाई का बाप्या?"

मास्तरांनी हातातला घास ताटात ठेवला. हिला कळलं, असं त्यांना वाटलं. लेक नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. त्या दिवसापासून बाप लेकीवर आणि लेक बापावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायला लागली. जावई बिचारा दोघांच्या मधे बसून गुपचूप जेवायचा.

पुढच्या गुरुवारी गल्लीत नेहमीपेक्षा शुकशुकाट होता. जिन्यावरून फारसं कोणी चढलंच नाही. मास्तर मान उंचावून बघत होते, तेवढ्यात त्यांच्या बाजूच्या काचेवर टकटक झाली. ते दचकले. बाहेर एक काडीपैलवान माणूस उभा होता. गालफडं बसलेली, अंगावर झुलणारा सदरा.

"काच खाली घ्या," तो म्हणाला.

मास्तरांनी बोटभर काच खाली घेतली.

"पोलीस आहात?"

"छे! काहीतरीच काय!"

"मग पेपरवाले? का कोणाच्या घरच्यांनी लावलंय तुम्हाला पाळतीवर?"

"अहो, मी ड्रायव्हिंग शिकवतो."

"ते गाडीवर लिहिलंय. आम्ही त्या नंबरवर फोनपण केला होता. एक बाई बोलल्या. विचारलं, तुमची गाडी दर गुरुवारी आमच्या गल्लीत काय करते? त्यांना काही माहीतच नव्हतं. उलट मलाच विचारायला लागल्या, कुठली गल्ली, कोणाचं घर!"

मास्तरांच्या डोळ्यांपुढे पोळी वाढणारी लेक उभी राहिली. तोंडचं पाणीच पळालं त्यांच्या.

"हे बघा," तो माणूस म्हणाला. आता त्याचा आवाज चढला होता. "वरच्या खोलीत येणारी माणसं आधीच जीव मुठीत धरून येतात. तुमची गाडी दिसायला लागल्यापासून निम्मी यायची थांबली. एक बाई तर दवाखान्यातही जाईना झाली, गोळ्या आणायलासुद्धा. तिला वाटतंय, दिराने माणूस ठेवलाय तिच्या मागावर. तिच्या जिवाशी खेळ चाललाय तुमचा. काय पाहिजे तुम्हाला?"

मास्तरांनी हात स्टिअरिंगवरून काढून घेतले.  आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या चुकांसाठी पायाखाली ब्रेक तयार ठेवला होता. आपण इथे नुसतं उभं राहून कोणाला चिरडत असू, हे काही त्यांच्या मनात आलं नव्हतं.

"मला..." ते म्हणाले आणि थांबले. मग श्वास सोडला, मॅडमनी शिकवला तसा. "मीपण तीच गोळी घेतो. मला वर यायचं होतं. धीर होत नव्हता."

त्या माणसाने कपाळावर हात मारून घेतला.  "अहो, मग एवढे दिवस आम्हाला कशाला घाबरवलंत?"

"मीच घाबरलो होतो."

"शाबास! आम्ही तुम्हाला घाबरतोय, तुम्ही आम्हाला. आणि खाली गादीवाला दोघांना घाबरून शटर लवकर ओढतोय."

या माणसाला सगळे पैलवान म्हणत. आजारात हाडांचा सापळा झाला होता तेव्हा दवाखान्यातल्या कोणी थट्टेने ठेवलेलं ते नाव. पुढे वजन बेताचंच वाढलं, पण नाव चिकटलं ते चिकटलं. गुरुवारची बैठक तोच चालवायचा.

त्या संध्याकाळी मास्तर वर गेले. सात-आठ रिकाम्या खुर्च्या, कोपऱ्यात चहाची किटली. आलेल्या तिघाचौघांनी त्यांच्याकडे जे पाहिलं त्यात स्वागत काही नव्हतं. काठीवाल्या म्हातारीने सरळच विचारलं, "खात्री करून घेतली का रे याची?" मास्तरांना राग आला नाही. ते तिच्या जागी असते तर त्यांनीही हेच विचारलं असतं.

"त्या बाईंना मी सांगतो," जाताना ते पैलवानाला म्हणाले. "माझ्या तोंडाने."

"त्या कोण, कुठल्या, ते मी सांगणार नाही."

"नका सांगू. त्यांना विचारा. त्या म्हणतील तिथे येईन."

उत्तर यायला बरेच दिवस गेले. शेवटी बाईने निरोप पाठवला: दवाखान्यात, मॅडमच्या खोलीत, मॅडमसमोर. आणि त्याने दारापासून लांब बसायचं.

मास्तर आधीच जाऊन खिडकीकडच्या खुर्चीत बसले. बाई आल्या. पन्नाशीच्या आत-बाहेर असतील, मनगटावर भाजल्याचे जुने डाग. बेकरीत भट्टीवर काम करत, एवढं त्यांनी स्वतःच पुढे सांगितलं. नवरा गेल्यावर दिराच्या घरात राहत होत्या. त्या घरात कोणाला काही माहीत नव्हतं. त्या दारापाशीच बसल्या, पर्स मांडीवर घट्ट धरून.

"माझ्या दिराला ओळखता?"

"नाही."

"तो गाड्यांच्या धंद्यात आहे. तुम्ही गाडीवाले. ओळखत नाही कसं म्हणता?"

"बाई, गाडीवाले सगळे एकमेकांना ओळखत असते तर मला गिऱ्हाईक शोधावं लागलं नसतं."

बाई हसल्या नाहीत. "'मला हा आजार आहे' असं काय, कोणीही म्हणेल. दिराने शिकवून पाठवलं असेल. गोळी कधी घेता?"

"जेवण झालं की."

"ते काय, कोणीही सांगेल. सुरू केल्यावर काय काय झालं?"

मास्तर विचारात पडले. मग म्हणाले, "स्वप्नं पडायची. अशी की खरंखोटं कळू नये."

बाईंचे डोळे जरा बदलले. "कसली?"

"गाडी उतारावर आहे, वेगात. मी शेजारी बसलोय. पाय ब्रेकवर मारतोय, तर माझ्या बाजूला ब्रेकच नाही. नुसती जमीन. आणि चालवतंय कोण बघावं, तर सीटवर कोणीच नाही. घामाने भिजून उठायचो. डॉक्टरांना सांगितलं नाही. म्हटलं, वेड लागलं म्हणतील."

बाईंनी पर्स मांडीवरून खाली ठेवली.

"मला भट्टी दिसायची," बाई हळूच म्हणाल्या. "भट्टीचं दार उघडलं की आत माझं घर. सगळी जेवायला बसलेली. मी हाक मारायची, तर कोणी वर बघायचं नाही." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "मीपण सांगितलं नव्हतं कोणाला."

"तुमच्या गोळ्या माझ्यामुळे बंद पडल्या," मास्तर म्हणाले. "फार मोठी चूक झाली माझी."

"सुरू केल्यात परत. मॅडमनी बोलावून घेतलं, रक्त तपासलं, सध्या ठीक आहे म्हणाल्या. पण ते तुमच्यासाठी नाही केलं मी." बाई उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "आणि माझा अजून पुरता विश्वास बसलेला नाही."

पुढच्या गुरुवारी त्या बैठकीला आल्या. मास्तर पूर्ण वेळ दिसत राहतील अशी खुर्ची पकडून बसल्या. मास्तरांनीही आपली खुर्ची जिना दिसेल अशी ठेवली होती. पैलवान म्हणाला, "झकास. आता आम्हाला पहारेकरी ठेवायची गरज नाही."

घरी मात्र निकाल लागायचा बाकी होता. एका दुपारी मास्तर गाडी काढत होते, तर लेक आली आणि शेजारच्या सीटवर बसली. ओढणी नीट केली, पट्टा लावला.

"चला."

"कुठे?"

"त्या गल्लीत. मला बघायचंय तिला."

"कोणाला?"

"बाबा, मी लहान नाही. आई गेली, तुम्ही एकटे आहात, मला समजतं. पण लपवाछपवी का? टॉवेल वेगळा, कप वेगळा, घरात असून नसल्यासारखे. त्या बाईने सांगितलंय का तुम्हाला, आमच्यापासून लांब राहा म्हणून?"

मास्तरांनी गाडी सुरू केली. गल्लीपर्यंत पोचलेच नाहीत. नदीच्या पुलाअलीकडे, जिथे ते नवशिक्यांना गाडी मागे घ्यायला शिकवत, त्या मोकळ्या मैदानात गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि समोर बघत सगळं सांगून टाकलं. ताप, रक्त, गोळ्या, बाटली, टेम्पो, गादीवाल्याच्या वरची खोली.

लेकीने एकच शब्द विचारला.  "आई?"

"तिला काही नव्हतं. तिचं दुखणं वेगळंच होतं, तुला माहितीये."

"तुम्हाला हे नंतर सापडलं, का नंतर झालं?"

तिचा प्रश्न वर्मी बसला. मास्तरांनी लेकीकडे मान वळवली. आपली शंका घ्यायची खोड हिने जशीच्या तशी उचललीय, असं त्यांना वाटलं.

"नंतर झालं. ती गेल्यावर. एक बाई होत्या. काही महिने. मग त्या गाव सोडून गेल्या."

"म्हणजे होती."

"होती."

"म्हणजे मी काही अगदीच चुकीचं नव्हते समजत."

"नाही."

ती दार उघडून खाली उतरली. मैदानाच्या कडेपर्यंत चालत गेली, तिथे पाठमोरी उभी राहिली. मास्तरांना वाटलं, ही आता रिक्षा पकडून घरी जाईल, बॅग भरेल, पोरीला उचलेल. ती परत आली तेव्हा डोळे लाल होते. पण रागाने का रडून, ते त्यांना कळेना.

"माझी पोर जवळ आली की तुम्ही उठून जाता," ती म्हणाली. "मला वाटायचं, तुम्हाला ती आवडत नाही. कितीदा रडले असेन मी त्यावरून."

"तिला काही होऊ नये म्हणून..."

"होतं का? नुसतं मांडीवर घेऊन?"

"डॉक्टर म्हणतात, नाही होत."

"मग?"

"मला वाटतं, ते धीर द्यायला म्हणतात."

लेकीने कपाळाला हात लावला. "मला भेटायचंय त्या मॅडमना. मी विचारते काय ते. तुमच्या सांगण्यावर माझा आता काडीचा विश्वास नाही."

हे ऐकून दुसऱ्या कोणाला वाईट वाटलं असतं. मास्तरांना, कोण जाणे का, हायसं वाटलं.

मॅडमच्या खोलीत लेक एकटीच गेली. मास्तर बाहेरच्या बाकावर. दार लागलं, पंख्याची घरघर सुरू झाली. मास्तरांनी कान देऊन पाहिलं, पण एक शब्द कळला नाही. भिंती काही इतक्या पातळ नव्हत्या. पेशंट येत होते, जात होते, तरी ही आतच. काय विचारत असेल एवढं? आणि काय सांगत असेल आपल्याबद्दल?

ती बाहेर आली ती तावातावातच. "चुंबनाने नाही, कपाने नाही, एका ताटात जेवून नाही, डास चावूनसुद्धा नाही. मी सगळं उलटसुलट विचारलं. मग आतल्या डॉक्टरांनापण विचारलं. दोघांचं एकच उत्तर. आता तरी पटलं का?"

"तू विचारलंस म्हणजे..." मास्तर म्हणाले.

संध्याकाळी नात त्यांच्या मांडीवर चढली, तेव्हा ते उठले नाहीत. पण हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर ताणून बसले होते. लेक दारातून बघत होती. पोरीनेच त्यांचा एक हात ओढून आपल्याभोवती घेतला.

जावयाला मात्र अजून सांगितलेलं नाही. ते कधी आणि कसं, हे लेक ठरवणार, असं दोघांचं ठरलंय. जावई तसा सरळ माणूस. पण हल्ली जेवताना तो एकदा सासऱ्याकडे बघतो, एकदा बायकोकडे बघतो, आणि या दोघांचं अचानक एवढं गूळपीठ कसं जमलं म्हणून विचारात पडतो. मास्तरांना त्याची नजर कळते. तो हात धुवायला उठला, की ते लेकीच्या कानाशी कुजबुजतात, "सांगितलंस का?"

"नाही. आणि रोज रोज विचारू नका," लेक म्हणते.